अनंताची कुंडी

मोहनाने कुंडीतल्या मातीवरचा पांढरा पापुद्रा नखाने उचकटला, तळहातावर घेतला आणि पायांत चपला न घालताच ती शेजारच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. मयंकभाई अंगणातल्या टाइल्स खराट्याने घासत होते. दर रविवारी ते ॲसिड ओतून टाइल्स घासत आणि ते फेसाळ पाणी दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीच्या कडेने गटाराकडे जाई. भिंतीच्या अलीकडे, मोहनाच्या अंगणात, अनंताची मोठी सिमेंटची कुंडी होती.

“हे काय आहे?” मोहनाने हात पुढे केला.

मयंकभाईंनी खराटा भिंतीला टेकवला. “शुं थयुं, मोहनाबेन?”

“वास घ्या याचा. आंबट येतोय ना? तुमचं ॲसिड आहे हे. पानं कडेनं जळत चाललीत, कळ्या काळ्या पडून गळतायत. किती दिवस नुसती बघत बसू मी?”

एरवी ती त्यांच्याशी गुजरातीत बोले. आज राग मराठीतूनच बाहेर पडत होता. मयंकभाईंचा सगळा जन्म बडोद्यात गेलेला, त्यांना शब्द न् शब्द कळत होता.

“बेन, पाणी तो नीचेथी जाय छे,” ते शांतपणे म्हणाले. “आ तो उपरनुं छे.”

पाणी खालून जातं आणि हा थर तर वरचा आहे, एवढ्या साध्या गोष्टीचा विचार करायला मोहना आली नव्हती. ती भांडायला आली होती.

“गेल्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, पानं गाडीवर पडतात म्हणून. तुम्हाला ते झाड नकोच होतं. मग सरळ तोंडावर सांगायचं होतं. हे असं चोरून मारायचं कशाला?”

मयंकभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ओले हात लेंग्याला पुसले.

“मासी हतां त्यारे रोज सवारे बे फूल आपतां,” ते म्हणाले. “मारा मंदिरमां मूकवा. हुं शुं काम मारुं एने?”

मासी, म्हणजे मावशी, म्हणजे मोहनाच्या सासूबाई, वसुंधराबाई. त्या रोज सकाळी या भिंतीवरून अनंताची दोन फुलं मयंकभाईंच्या देव्हाऱ्यासाठी देत, हे मोहनाला ठाऊकच नव्हतं. तिने हातातला पापुद्रा त्यांच्या नुकत्याच घासलेल्या टाइल्सवर झटकला आणि ती घरी आली.

ओट्यावर सासरे, बापू, खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ब्याऐंशी वर्षांचे होते, पण कान शाबूत होते.

“भांडलीस?”

“बोलले.”

“मयंक चांगला आहे ग.”

“चांगला आहे म्हणून त्याचं ॲसिड काही गोड होत नाही, बापू.”

बापू काठी टेकत खाली उतरले. कुंडीपाशी पडलेली एक कळी त्यांनी उचलली. हिरवी, पिळदार, उमलायच्या आधीच देठाशी काळी पडलेली. ती त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“हिच्या वेळी असं कधी झालं नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मोहनाने उत्तर दिलं असतं. ती पाय आपटत आत गेली आणि तिने पोळ्यांचा तवा इतक्या जोरात शेगडीवर ठेवला की नवरा, सौमित्र, मोबाइलवरची नजर उचलून म्हणाला, “एवढं काय त्यात. नर्सरीतून दुसरं आणू.”

“आण,” मोहना म्हणाली. “आणि ताईंना तूच सांग, की हे नर्सरीतलंच आईंचं आहे.”

सौमित्रने नजर पुन्हा मोबाइलमध्ये घातली. वाघोडियाच्या कारखान्यात शेकडो माणसांवर ओरडणारा हा माणूस थोरल्या बहिणीचं नाव निघालं की मऊ पडे.

खरी गोष्ट ही होती की अनंत फुलायला हवा होता, आणि पुढच्या रविवारच्या आत. पुढच्या रविवारी वसुंधराबाईंचं वर्षश्राद्ध होतं. देवश्रीताई पुण्याहून येणार होत्या आणि फोनवर दर वेळी एकच विचारत होत्या, “आईचा अनंत फुललाय ना? फोटोला त्याच्याच फुलांचा हार करायचा, बाजारचा आणायचा नाही.” मोहना प्रत्येक वेळी “कळ्या आल्यात” एवढंच म्हणे. पहिल्या दोन वेळा ते खरंही होतं.

आणि हे झाड सांभाळायचं ते मोहनाने, जिला वसुंधराबाईंनी वीस वर्षांत त्याला एकदा हात लावू दिला नव्हता. रेल्वेचं क्वार्टर सोडून सगळे हरणीच्या या रो-हाउसमध्ये राहायला आले तेव्हा कुंडी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली होती आणि वसुंधराबाई ड्रायव्हरशेजारची जागा सोडून मागे तिच्याशी जाऊन बसल्या होत्या. छाटायच्या त्याच, खत घालायच्या त्याच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मोहनाने हौसेने तांब्याभर पाणी घातलं, तर त्या म्हणाल्या होत्या, “तू नको. तुझं आपलं घाईचं काम असतं.” मोहनाने ते वाक्य कधी गिळलं नाही की थुंकलंही नाही, ते तसंच घशात राहिलं.

घरातल्या सगळ्याच गोष्टींना त्यांचे नियम होते. ओला फडका कुठे वाळत घालायचा, डाळ कुठल्या भांड्यात भिजवायची, ताकात मीठ घालून ठेवायचं नाही, ज्याने त्याने पानातलं घ्यायचं. का, ते विचारायची सोय नव्हती. बडोद्याच्या जुन्या वाडी भागात, मोहनाच्या माहेरी, छास म्हणजे मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून घुसळलेली. अळणी ताक तिच्या घशाखाली उतरत नसे, आणि त्यावरून सासूसुनेची वर्षानुवर्षं धुसफूस चालली. सासूबाई गेल्या आणि दिवस उरकल्यावर मोहनाने पहिली गोष्ट काय केली असेल तर ताकाच्या भांड्यात चमचाभर मीठ टाकलं. आता ती सकाळी शाळेत शिकवायला जाण्यापूर्वी भांडंभर छास करून फ्रिजमध्ये ठेवी. बापूंचं दुपारचं पानही झाकून ठेवी. तिला यायला दोन वाजत. बापूंना रेल्वेच्या सवयीने बाराच्या ठोक्याला जेवण लागे, आणि ताकाशिवाय त्यांचं जेवण पुरं होत नसे.

बुधवारी ऊन इतकं चढलं की शाळेने मुलांना लवकर घरी पाठवलं. मोहनाने स्कूटर फाटकाबाहेरच उभी केली. कडी काढताना तिला बापू दिसले.

ते भर उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कुंडीवर वाकले होते. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. पेला त्यांनी कुंडीच्या कडेकडेने फिरवत हळूहळू रिकामा केला, घाई न करता, सगळीकडे सारखं पडावं म्हणून. मग तो उलटा करून शेवटचे थेंब झटकले. ओट्याच्या कडेला दुसरा पेला होता, भरलेला.

मोहना जवळ गेली. मातीवर पांढरं ताक अजून मुरत होतं आणि त्यावर जिऱ्याची तपकिरी पूड तरंगत होती.

“बापू, काय करताय?”

“आलीस लवकर? ताक घालतोय.” त्यांनी दुसरा पेला उचलला. “अनंताला ताक लागतं. ही रोज घालायची, जेवणं झाली की. तुझी शाळेची गडबड, तुझ्या लक्षात राहायचं नाही, म्हणून म्हटलं आपण घालावं.”

“रोज?”

“ही गेल्यापासून. तू रविवारी घरी असतेस, तेव्हा तू घालत असशील म्हणून नाही घालत. आधी एकच पेला घालत होतो. हल्ली झाड फारच सुकायला लागलं, म्हणून दोन घालतो.”

“तुमच्यासाठी ठेवते ते?”

“मला काय, पाणी चालतं.”

मोहनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला मयंकभाईंचे लेंग्याला पुसलेले ओले हात आठवले. आपण त्यांच्या अंगणात भिरकावलेला पापुद्रा आठवला. देवश्रीताईंचे फोन, सौमित्रची नर्सरी, आणि ‘हिच्या वेळी असं कधी झालं नाही’. सांगायला एकच वाक्य पुरे होतं. मीठ असतं त्यात, बापू, मिठानं झाड मरतं. एवढं म्हटलं की तिच्यावरचा सगळा ठपका पुसला जाणार होता, आणि तो पुसायची घाई तिच्या जिभेवर अगदी येऊन बसली होती.

बापू वाकून अंगठ्याने माती दाबून बघत होते. “वाचेल ना ग?” त्यांनी विचारलं. तोंड मातीकडेच होतं.

मोहनाने त्यांच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला.

“उन्हात उभे राहू नका,” ती म्हणाली. “आत चला आधी.”

स्वयंपाकघरात तिने तो पेला मोरीत ओतला, मग फ्रिजमधलं भांडं काढून तेही ओतलं, आणि भांडं इतकं घासलं की हात दुखले. बापूंचा राग येत होता. म्हाताऱ्या माणसाने निदान एकदा विचारायचं. पण त्याहून जास्त राग भिंतीवरच्या फोटोचा येत होता. ताकात मीठ घालून ठेवायचं नाही. जेवणं झाली की उरलेलं ताक वसुंधराबाई घेऊन बाहेर जात, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. भांडं विसळायला जात असतील असं तिला वाटे. नियम झाडासाठी होता, आणि ती वीस वर्षं तो आपल्याविरुद्ध आहे असं समजून चालली होती. ‘ते अनंताला घालायचं असतं ग,’ असं एकदा म्हणायला काय जात होतं या बाईचं?

बापू झोपल्यावर ती पाण्याची नळी घेऊन कुंडीपाशी बसली. मीठ धुऊन काढायचं तर कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी वाहून जाईपर्यंत ओतत राहायला हवं होतं, आणि दुपारी त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार. पलीकडे दार वाजलं. मयंकभाई बाहेर येऊन भिंतीपाशी थांबले. आता बोलणं भागच होतं, आणि त्याचाही तिला राग आला.

“तुमचं काही नव्हतं,” मोहना नळीकडे बघत म्हणाली. “मी उगाच बोलले तुम्हाला. चुकलं माझं.”

“तो पछी शुं हतुं?”

“मीठ गेलं होतं कुंडीत.”

“मीठुं? कोणे नाख्युं?”

“मी,” मोहना म्हणाली.

मयंकभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग ओट्यावर उपड्या घातलेल्या पेल्याकडे पाहिलं. ते आत गेले आणि आपल्या टाकीची जाड नळी ओढत आणून त्यांनी ती भिंतीवरून कुंडीत सोडली. पाणी धो धो आलं. कुंडीच्या तळातून आधी पांढरट, मग मातकट, मग स्वच्छ पाणी वाहायला लागलं.

गुरुवारपासून मोहना ताक मिठाशिवाय, जिऱ्याशिवाय करून ठेवू लागली. बापूंना थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि न सांगता ते थांबले नसते. गुरुवारी ताक कसं झालं म्हणून ते काही बोलले नाहीत. शुक्रवारीही नाही. म्हणजे त्यांनी ते तोंडाला लावलंच नव्हतं. संध्याकाळी तिने जळालेले शेंडे कात्रीने छाटले. कात्री वसुंधराबाईंची होती. अंगणात नुसत्या काड्या उभ्या राहिल्या. बुंध्याजवळ एका काडीला हिरवा डोळा फुटल्यासारखा वाटत होता, पण तिचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नव्हता.

शनिवारी सकाळी देवश्रीताई आल्या. बॅग रिक्षातच राहिली आणि त्या कुंडीपाशी जाऊन थांबल्या.

“मोहना, हे काय?”

“सुकलं.”

“कळ्या आल्यात म्हणत होतीस तू.”

“गळल्या.”

“आई टेम्पोत मागे बसून आली होती ग याच्यासाठी.” ताईंचे शब्द धारदार होते. “तिनं जन्मभर जपलं. तुला एक वर्ष एक झाड सांभाळता आलं नाही?”

सौमित्र बॅग आणायला गेला तो रिक्षावाल्याशी उगाचच बोलत उभा राहिला. बापू ओट्यावर होते. त्यांची नजर मोहनावर होती, आणि ती इतकी बिचारी होती की मोहनाला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

“नाही आलं,” ती म्हणाली. “माझं पाणी जास्त झालं.”

“तेच. आई म्हणायची ते काही खोटं नव्हतं.”

काय म्हणायची, ते मोहनाने विचारलं नाही. तिला ते पाठ होतं. आत जाऊन तिने कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ती उभी राहिली.

दुपारी सगळे बरोबर जेवायला बसले. मोहनाने ताक वाढलं. बापूंच्या पानाशीही पेला ठेवला. ताईंनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“यात मीठ नाही.”

“पानात वाढलंय,” मोहना म्हणाली.

“आणि जिरंही नाही?” ताईंना गंमत वाटली. सकाळपासून त्या पहिल्यांदाच हसल्या. “अग, तू आणि मिठाशिवाय ताक? आईशी केवढी भांडायचीस त्यावरून. दिवाळीत आले होते तेव्हा चांगली खारट छास प्यायलोय आम्ही.”

“उन्हाळ्याचं बंद केलं.”

“उन्हाळ्यात उलट जास्त घालतात.”

मोहनाने भातात बोटं फिरवली. चार दिवस दातांखाली दाबून ठेवलेली गोष्ट ही बाई पंख्याखाली बसून, हसत हसत उकलत होती. तिला पेला उचलून फेकावासा वाटला.

बापूंनी आपला पेला उचलला. एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

“गेल्या रविवारी होतं,” ते म्हणाले.

बापूंनी मोहनाकडे पाहिलं. मोहनाने वर पाहिलं नाही. मग त्यांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं, कुंडीतल्या काड्यांकडे. हातातला पेला हळूहळू खाली येत टेबलाला टेकला.

“देवश्री,” ते म्हणाले, “तुझी आई ताकात मीठ का घालू देत नव्हती?”

“तिची शिस्त. दुसरं काय.”

“मलाही तसंच वाटायचं.”

ताईंना त्यात काही विशेष दिसलं नाही. त्यांनी आमटी वाढून घेतली आणि उद्या गुरुजी किती वाजता येणार ते सौमित्रला विचारलं. बापूंनी पेला पुन्हा उचलला आणि पानातल्या मिठाला हात न लावता, न थांबता, सगळं ताक पिऊन टाकलं. त्यांचा गळा प्रत्येक घोटाला वरखाली होत होता. रिकामा पेला त्यांनी मोहनासमोर ठेवला.

“भांड्यात उरलंय?”

“आहे थोडं.”

“ते तू घाल त्याला,” बापू म्हणाले. “आजपासून तूच घाल. माझा हात नको.”

मोहना उठली. हात धुऊन, भांडं घेऊन ती बाहेर आली. पायांत चपला घालायचं पुन्हा राहून गेलं होतं आणि फरशी तापली होती. ती कुंडीपाशी उकिडवी बसली. बुंध्याजवळच्या काडीवरचा डोळा खरंच फुटला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. भिंतीपलीकडे मयंकभाईंची नळी गुंडाळून ठेवलेली होती. आतून ताईंचा आवाज येत होता, आई कशी होती ते सांगणारा.

तिने भांडं तिरकं केलं आणि बापूंनी ओतलं होतं तसं, कडेकडेने, ताक सोडलं.

“एकदा सांगायचं होतंत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “एकदा. मी काय ऐकलं नसतं?”

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की नसतंच ऐकलं. त्या पहिल्या उन्हाळ्यानंतर या झाडासाठी म्हणून सांगितलेलं तिने काहीच ऐकलं नसतं, आणि हे वसुंधराबाईंना चांगलं कळत होतं. तिला आणखीच राग आला. तळव्यांना चटके बसत होते तरी ती उठली नाही. भांडं पुरतं रिकामं होईपर्यंत तिथेच बसून राहिली.